दोहाची गोळाफेक: २२.९१, २२.९०, २२.९०

गोळाबेरीज
६ ऑक्टोबर २०१९, सकाळी ८.४७

काल सातवी माळ. खाली सोसायटीत गरब्याचा स्पीकर बोंबलत होता आणि मी वर खिडक्या लावून एका लोखंडी गोळ्याकडे बघत बसलो होतो. बायको दोनदा येऊन "अजून तेच चाललंय?" विचारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. तिला समजावून झालंय, आता तुम्हाला सांगतो.

दोहाच्या खलिफा स्टेडियमवर जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा चालू आहे. काल पुरुषांच्या गोळाफेकीची अंतिम फेरी होती. न्यूझीलंडचा टॉम वॉल्श, २०१७ चा जगज्जेता, याने पहिल्याच फेकीत २२.९० मीटर टाकले. या स्पर्धेतला आधीचा विक्रम २२.२३, स्वित्झर्लंडच्या वेर्नर ग्युंथरचा, १९८७ साली रोममध्ये केलेला. बत्तीस वर्षं टिकलेला आकडा पहिल्या पाच मिनिटांत सदुसष्ट सेंटिमीटरनी मागे पडला. म्हटलं संपली स्पर्धा, चहा टाकावा.

पाच फेऱ्या झाल्या तरी वॉल्शच पुढे. रिओचा ऑलिंपिक विजेता रायन क्राउझर २२.७१, ब्राझीलचा डार्लान रोमानी २२.५३, आणि चौथा जो कोवॅक्स २१.९५. कोवॅक्स म्हणजे २०१५ चा जगज्जेता, पण काल तो वॉल्शच्या जवळपास एक मीटर मागे होता. शेवटच्या फेरीत मागचा आधी टाकतो आणि पहिल्या नंबरवाला सगळ्यात शेवटी. कोवॅक्स आला, गिरकी घेतली, गोळा गेला. फलकावर आकडा आला २२.९१.

एक सेंटिमीटर. करंगळीचं नख!

मग रोमानीला काही जमलं नाही. मग क्राउझर: २२.९०. मग वॉल्श: फाउल. सुवर्ण कोवॅक्स, रौप्य क्राउझर, कांस्य वॉल्श. पहिल्या फेकीपासून पुढे असलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांत तिसरा झाला.

कालपर्यंत आख्ख्या इतिहासात २२.९० किंवा त्याहून लांब टाकणारे फक्त तिघे होते. आंद्रेई (१९८७), टिमरमान (१९८८) आणि २३.१२ वाला रँडी बार्न्स (१९९०). नंतर एकोणतीस वर्षं कुणी नाही. काल एका रात्रीत तिघं.

एक शंका आहे. क्राउझर आणि वॉल्श दोघांचे २२.९०, मग रौप्य क्राउझरला का? वॉल्शने तर आधी टाकले होते.

---

खवचट_काका
६ ऑक्टोबर २०१९, सकाळी ९.०५

पहिला!

बाकी, जाडजूड माणसं लोखंड फेकतात आणि दुसरी माणसं टेप लावून मोजतात, हे बघायला रात्री जागायचं? आमच्या गल्लीत सिलिंडरवाला रोज याहून भारी काम करतो.

---

पीटीचे_सर
६ ऑक्टोबर २०१९, सकाळी ९.४०

शंकेचं उत्तर सोपं आहे. सर्वोत्तम फेक सारखी आली की दोघांची दुसऱ्या क्रमांकाची चांगली फेक बघायची. क्राउझरची २२.७१ होती, वॉल्शची त्याहून कमी. तीही सारखी आली तर तिसरी बघायची. आधी कुणी टाकलं याला काही किंमत नाही.

म्हणून मी पोरांना सांगतो, एक लांब पडला म्हणून बाकीच्या फेका उधळून लावू नका. ऐकत कोण नाही.

काका, गोळ्याचं वजन ७.२६ किलो. पाच किलो पिठाची पिशवी, वर दोन किलो साखर, आणि हे सगळं सोललेल्या नारळाएवढ्या आकारात. ते खांद्यावरून ढकलायचं असतं, फेकायचं नसतंच. "गोळाफेक" हे नावच चुकीचं आहे खरं तर. गोळा मानेला चिकटलेला पाहिजे, खांद्याच्या मागे गेला की फाउल. आणि हे करायचं २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे सात फूट. पुढे दहा सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा. ठोकळ्याच्या आतल्या अंगाला पाय टेकला तर चालतो, वरच्या अंगाला लागला की लाल झेंडा. टाकून झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातूनच बाहेर पडायचं. दरवर्षी निदान एक पोरगं लांब टाकतं आणि आनंदात पुढून उडी मारून बाहेर येतं. त्याचा बाप माझ्याशी भांडतो.

---

मोगरा_दोहा
६ ऑक्टोबर २०१९, सकाळी १०.२२

मी होते तिथे! आमच्याकडे आज ऑफिस आहे (कतारमध्ये रविवार कामाचा), डोळे मिटतायत, पण हा धागा बघून राहवलं नाही.

स्टेडियमला एसी आहे आणि तो काय एसी! बाहेर घामाच्या धारा, आत माझ्या अंगावर ओढणी, शिवाय मुलाचा टॉवेल. आम्ही खरं तर रिलेसाठी गेलो होतो. मुलाला धावणारे बघायचे होते. गोळा टाकणारे आमच्या बाजूच्या टोकाला होते म्हणून नजर गेली.

टीव्हीवर कळत नाही ती गोष्ट अशी की गोळा पडला की लगेच आकडा येत नाही. एक स्वयंसेवक पळत जातो, खड्ड्याच्या अलीकडच्या कडेला काठी रोवतो, त्यावर आरसा असतो. दुसरीकडे तिवईवरचं यंत्र त्या आरशावर नेम धरतं. तोवर सगळे फलकाकडे बघत उभे. कोवॅक्सच्या फेकीला ती काठी रोवणारी व्यक्ती खाली वाकली ती किती वेळ वाकलेलीच होती असं मला वाटलं. कदाचित पाचच सेकंद असतील. आकडा आला आणि आमच्यामागचे न्यूझीलंडचे झेंडेवाले एकदम गप्प.

वॉल्शच्या शेवटच्या फेकीआधी सगळं स्टेडियम टाळ्या देत होतं. लाल झेंडा वर गेला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, याला परत नाही का मिळणार?"

---

गोळाबेरीज
६ ऑक्टोबर २०१९, सकाळी १०.५१

@मोगरा_दोहा, भाग्यवान आहात. आम्हाला नेमकी कोवॅक्सची फेक थेट दिसलीच नाही, कॅमेरा ट्रॅकवर होता. आधी आकडा दिसला, मग रीप्ले.

@पीटीचे_सर, धन्यवाद. म्हणजे वॉल्शला क्राउझरने २२.९० टाकून नाही हरवलं, २२.७१ ने हरवलं. हे डोक्यात शिरायला वेळ लागतोय.

---

अर्धवट_इंजिनिअर
६ ऑक्टोबर २०१९, दुपारी १२.१५

थोडा हिशोब केला, चुकलं तर सांगा.

बावीस-तेवीस मीटर जायला गोळा हातातून सेकंदाला साधारण १४ मीटर वेगाने सुटावा लागतो. कोन पंचेचाळीसचा नसतो, सदतीसच्या आसपास. एक तर गोळा दोन मीटरहून उंचावरून सुटतो, आणि दुसरं, माणसाच्या शरीराला चढ्या कोनात तेवढा जोर लावता येत नाही. आता एक सेंटिमीटर जास्त जायला वेग किती वाढायला हवा? सेकंदाला तीन-साडेतीन मिलिमीटर. चौदा हजार मिलिमीटरमध्ये साडेतीन.

आणखी गंमत. नियमात मोजमाप खालच्या पूर्ण सेंटिमीटरला आणतात. २२.९०९ असेल तरी नोंद २२.९०. म्हणजे कोवॅक्स आणि क्राउझर यांच्यातलं खरं अंतर एखादा मिलिमीटरही असू शकतं किंवा जवळजवळ दोन सेंटिमीटरही. आणि क्राउझर-वॉल्श यांच्यात प्रत्यक्षात कोण पुढे होतं ते यंत्राला माहीत, आपल्याला नाही.

काकांसाठी: क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत २०.१२ मीटर. बोलरच्या स्टंपापाशी उभं राहून हा गोळा टाकला तर समोरचे स्टंप ओलांडून पावणेतीन मीटर पलीकडे पडेल. स्पिनरला कीपिंग करणाऱ्याने तिथून उठून जावं.

---

खवचट_काका
६ ऑक्टोबर २०१९, दुपारी १२.३१

बरं. सिलिंडरवाल्याबद्दलचे शब्द मागे घेतो. धोनीची काळजी वाटते.

---

निशाचर
६ ऑक्टोबर २०१९, दुपारी २.०८

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकायला आलोय.

२३.१२ चा विक्रम करणारा बार्न्स त्याच वर्षी उत्तेजकांच्या चाचणीत सापडला, सत्तावीस महिन्यांची बंदी. परत येऊन १९९६ ला अटलांटात सुवर्ण घेतलं, १९९८ ला पुन्हा सापडला, आजन्म बंदी. विक्रम मात्र वहीत तसाच. ऐंशीच्या दशकातल्या आकड्यांकडे मी तरी चष्मा पुसूनच बघतो. कालचे आकडे त्या आकड्यांना जाऊन भिडले, तर मला आनंदाआधी भीती वाटते. कुणावर आरोप नाही, सवय झालीय.

आणि दुसऱ्या फेकीवरून आठवलं. २००४, अथेन्स. गोळाफेक मुद्दाम प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर ठेवली होती, गवताच्या उतारावर बसलेले प्रेक्षक. अमेरिकेच्या ॲडम नेल्सनने पहिल्या फेकीत २१.१६ टाकले आणि पुढच्या पाचही फेका फाउल. युक्रेनच्या बिलोनोगने शेवटच्या फेकीत तेवढेच, २१.१६. नेल्सनकडे दुसरा आकडाच नव्हता. सुवर्ण बिलोनोगला.

आठ वर्षांनी, २०१२ मध्ये, जुने नमुने पुन्हा तपासले आणि बिलोनोग सापडला. २०१३ ला नेल्सनला त्याचं सुवर्ण मिळालं. कुठे? अटलांटाच्या विमानतळावर, खाण्याच्या दुकानांच्या गर्दीत, बर्गरच्या काउंटरजवळ. राष्ट्रगीत नाही, काही नाही.

---

सुमनताई
६ ऑक्टोबर २०१९, संध्याकाळी ६.४४

इथे सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

मी गोळा टाकायचे. १९८४ ते १९८७, आधी तालुका-जिल्हा, मग विद्यापीठ. मुलींचा चार किलोचा. त्या काळी आमच्याकडे गोळा टाकणारी मुलगी म्हणजे चेष्टेचा विषय. आईला एकच काळजी, दंड भरले तर ब्लाऊज कुठून शिवायचे. दादाने मात्र परसात फक्कीने वर्तुळ आखून दिलं होतं. पावसाळ्यात ते दर दोन दिवसांनी वाहून जायचं आणि तो न बोलता परत आखायचा.

शेवटच्या वर्षी एका स्पर्धेत (कुठली ते सांगत नाही, माणसं अजून आहेत) मी दोन सेंटिमीटरने दुसरी आले. पहिल्या नंबरवालीच पुढे गेली, माझं तिथेच थांबलं. माझ्या फेका चहाआधी मोजल्या, एक म्हातारे मास्तर होते, ते टेप वर्तुळाच्या मधोमध खिळ्यावरून ओढून घ्यायचे आणि मग ठोकळ्याच्या आतल्या कडेला वाचायचे. चहानंतर ते गेले, दुसरे आले. त्यांनी टेप खिळ्याकडे नेलीच नाही, सरळ ठोकळ्याच्या कोपऱ्याकडे धरली आणि वाचली. तिची फेक माझ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त निघाली. मी जाऊन बोलले तर म्हणाले, "बाई, दोन सेंटिमीटरने काय होतंय?"

मला इतकी वर्षं हे कळलेलं नाही की त्याने खरंच फरक पडला, की मी उगाच मनात धरून बसले. इथे हिशोबवाले लोक दिसतायत म्हणून विचारते.

---

पीटीचे_सर
६ ऑक्टोबर २०१९, संध्याकाळी ७.१०

ताई, नमस्कार. टेप केंद्रातून न्यायचीच असते. शून्याचं टोक खड्ड्याकडे, टेप केंद्रावरून ओढायची, आकडा ठोकळ्याच्या आतल्या कडेला वाचायचा. तुमचे म्हातारे मास्तर बरोबर होते. फरक किती पडतो ते इंजिनिअर सांगतील.

---

अर्धवट_इंजिनिअर
६ ऑक्टोबर २०१९, रात्री ९.३६

ताई, कागदावर काढून बघितलं. जेवायचा राहिलोय, पण हे आधी.

खड्ड्यापासून वर्तुळाच्या कडेपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर म्हणजे केंद्राकडे जाणारी रेषा. दुसऱ्या कुठल्याही बिंदूकडे टेप धरली तर ती जास्तच दाखवणार. कमी कधीच दाखवत नाही. ढिली टेपही जास्तच दाखवते. म्हणजे ही चूक झाली तर प्रत्येक वेळी फायदा टाकणाऱ्याचा.

आता किती? फेक दहा मीटरच्या आसपास धरली आणि टेप बरोबर जागेपासून ठोकळ्यावर वीस सेंटिमीटर बाजूला सरकली असेल, तर आकडा साधारण दोन सेंटिमीटर जास्त येतो. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. कोपऱ्याकडे धरली म्हणताय, तर त्याहूनही जास्त सरकली असेल.

तुम्ही उगाच मनात धरलेलं नाही.

---

सुमनताई
६ ऑक्टोबर २०१९, रात्री १०.०२

बत्तीस वर्षं झाली. दादा असता तर त्याला वाचून दाखवलं असतं.

जेवून घ्या आता.

---

मोगरा_दोहा
६ ऑक्टोबर २०१९, रात्री १०.४०

ताई 🙏

अवांतर: परवा इथेच आपल्या बीडच्या अविनाश साबळेला पाहिलं. ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी, ८:२१.३७, राष्ट्रीय विक्रम, तेरावा आला. आम्ही दहा-बारा मराठी माणसं घसा बसेपर्यंत ओरडलो. गोळाफेकीत आपला तजिंदरपाल तूर होता, पण पात्रता फेरीत २०.४३ वर थांबला.

---

खवचट_काका
७ ऑक्टोबर २०१९, सकाळी ७.५५

तूरने गेल्या वर्षी जकार्ताला २०.७५ टाकून सुवर्ण आणलं होतं ना? मग इथे अंतिम फेरीतही नाही?

---

गोळाबेरीज
७ ऑक्टोबर २०१९, सकाळी ८.३०

काका, आशिया वेगळं, जग वेगळं. रोमानी २२.५३ टाकून चौथा आला. रिओला क्राउझरने ऑलिंपिक विक्रम करून सुवर्ण घेतलं ते २२.५२ वर. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ऑलिंपिक सुवर्ण देऊन गेली असती अशी फेक या माणसाला परवा कांस्यही देऊ शकली नाही.

@निशाचर, तुमचा संशय मान्य, पण एक गोष्ट सांगतो. कोवॅक्स सात वर्षांचा असताना वडील गेले. शाळेत असताना आई त्याच्याकडून गाड्या लावायच्या जागेत सराव करून घ्यायची. आता बायको त्याची प्रशिक्षक आहे. आई आणि मग बायको, दोघींचं ऐकत हा माणूस २२.९१ पर्यंत आला. आमच्याकडे एकीचं ऐकताना मारामार आहे.

---

पीटीचे_सर
७ ऑक्टोबर २०१९, सकाळी ९.१२

तंत्रावर कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. पूर्वी सगळे पाठमोरे उभे राहून मागे सरकत यायचे, ग्लाइड म्हणतात ते. पन्नासच्या दशकात पॅरी ओब्रायनने आणलं. ग्युंथर, टिमरमान त्याच घराण्यातले. मग थाळीफेकीसारखी गिरकी आली. सोव्हिएत संघाच्या बारिश्निकोव्हने १९७६ ला गिरकी घेऊन २२.०० चा जागतिक विक्रम केला. दोहातले पहिले तिघेही गिरकीवाले. गिरकीने वेग जास्त मिळतो, पण तोल सांभाळणं अवघड, त्यामुळे फाउल जास्त. वॉल्शचं शेवटी तेच झालं.

शाळेत मी पोरांना ग्लाइडच शिकवतो. आमच्या मैदानावर सिमेंटचं वर्तुळ नाही, मातीत गिरकी घेतली की बूट रुततो आणि पोरगं गोळ्याच्या आधी पडतं.

---

निशाचर
७ ऑक्टोबर २०१९, दुपारी १.२०

छान माहिती. पैज लावतो, २३.१२ आपल्या हयातीत मोडत नाही.

---

गोळाबेरीज
६ ऑगस्ट २०२१, सकाळी ८.१८

धागा वर काढतोय. @निशाचर कुठे आहेत?

क्राउझरने जूनमध्ये यूजीनला २३.३७ टाकले. एकतीस वर्षांनी बार्न्स पुसला गेला. काल टोकियो ऑलिंपिकमध्ये २३.३०. त्याच्या सहाच्या सहा फेका जुन्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा लांब! सहावी सगळ्यात लांब. रौप्य कोवॅक्स, कांस्य वॉल्श, म्हणजे रिओचेच तिघे, त्याच क्रमाने. आजोबा नुकतेच वारले होते, त्यांच्यासाठी कागदावर दोन ओळी लिहून आणल्या होत्या, त्या कॅमेऱ्यासमोर धरल्या.

बाय द वे, क्राउझर ज्या गावात वाढला त्याचं नाव बोअरिंग. ओरेगनमध्ये आहे.

---

निशाचर
६ ऑगस्ट २०२१, सकाळी ११.४५

हजर. पैज हरलो, वडापाव माझ्याकडे लागला.

---

खवचट_काका
६ ऑगस्ट २०२१, दुपारी १२.०३

आमच्याकडे पण बोअरिंग आहे. तीनशे फुटांवर पाणी लागलं.

तूरचं काय झालं टोकियोत?

---

गोळाबेरीज
६ ऑगस्ट २०२१, दुपारी १२.४०

१९.९९. पात्रता फेरीत बाहेर. जूनमध्ये पतियाळाला २१.४९ टाकले होते हो याने! काहीतरी दुखणं असणार. एक सेंटिमीटर कमी पडलं विसाला, तेही बोचतं.

---

मोगरा_दोहा
२ ऑक्टोबर २०२३, सकाळी ६.५०

काल हांगझोउ पाहिलंत का? तूर! शेवटच्या फेकीत २०.३६ आणि सलग दुसरं आशियाई सुवर्ण. पाच फेऱ्यांपर्यंत मागे होता. मला कोवॅक्सच आठवला. (जूनमध्ये भुवनेश्वरला २१.७७ चा आशियाई विक्रम केलाच होता.)

मुलगा आता नववीत आहे. शाळेत गोळा टाकतो. धावायचं कधीच सुटलं.

---

अर्धवट_इंजिनिअर
२ ऑक्टोबर २०२३, सकाळी ९.२७

वा! आणि क्राउझर आता २३.५६ वर आहे, मे महिन्यात लॉस एंजेलिसला. ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत, पायात रक्ताच्या गुठळ्या असताना, २३.५१. दोहाचा २२.९१ कुठल्या कुठे राहिला. तरी मला दोहाच परत परत बघावीशी वाटते. अर्धा मीटर पुढे असलेल्या माणसाची स्पर्धा बघताना चहा थंड होत नाही.

---

गोळाबेरीज
६ सप्टेंबर २०२४, रात्री १०.१५

पॅरिसचं राहूनच गेलं होतं. ऑगस्टमध्ये क्राउझरने तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, आणि आकडा किती? २२.९०. दोहात ज्या आकड्याला रौप्य मिळालं आणि कांस्यही मिळालं, त्यालाच पॅरिसमध्ये सुवर्ण. दुसरा आणि तिसरा पुन्हा बरोबरीत: कोवॅक्स २२.१५, जमैकाचा राजिंद्रा कॅम्पबेल २२.१५. कोवॅक्सने हे शेवटच्या फेकीत गाठलं आणि दुसऱ्या चांगल्या फेकीवर रौप्य नेलं. लागोपाठ तिसरं ऑलिंपिक रौप्य. या माणसाचं सहाव्या फेकीशी काय नातं आहे देव जाणे.

पण मी आलोय ते वेगळ्या कारणासाठी. परवा पॅरिसलाच पॅरालिंपिकमध्ये आपल्या सचिन खिलारीने एफ४६ (हात अधू असलेल्यांच्या) गटात १६.३२ टाकून रौप्य आणलं. सुवर्ण कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, १६.३८. सहा सेंटिमीटर. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं करगणी हे त्याचं गाव. लहानपणी सायकलवरून पडून डावा हात अधू झाला. इंजिनिअरिंग केलं, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवलं, आणि जपानमधल्या कोबेला याच वर्षी पॅरा जागतिक स्पर्धेत १६.३० टाकून जगज्जेता झाला.

---

सुमनताई
७ सप्टेंबर २०२४, सकाळी ७.३०

आटपाडी! तिकडच्या मैदानावर मी टाकलंय. खडी फार होती.

सहा सेंटिमीटरने हरल्यावर तो हसत होता. बघून बरं वाटलं.

---

पीटीचे_सर
२२ सप्टेंबर २०२४, रात्री ८.५५

सगळ्यांना नमस्कार. कालच तालुक्याच्या शालेय स्पर्धा उरकल्या, उन्हाने चेहरा भाजलाय. एक प्रसंग सांगायचाय, तो या धाग्यामुळेच घडला.

आमच्याकडे वर्षानुवर्षं पंचांच्या कागदावर प्रत्येक मुलापुढे एकच रकाना असायचा, सर्वोत्तम फेक. बाकीच्या फेका मोजायच्या पण लिहायच्या नाहीत. बरोबरी झाली की नाणं उडवायचं. मीच कितीदा उडवलंय. दोहाचा धागा वाचल्यानंतर मी माझ्यापुरता कागद बदलला, सगळ्या फेकांचे रकाने आखले. बाकीचे पंच म्हणाले, सर, एवढं कोण लिहितंय. म्हटलं मी लिहितो.

पाच वर्षं त्या रकान्यांची गरज पडली नाही. काल पडली. सतरा वर्षांखालच्या मुलांमध्ये दुसऱ्या क्रमांकाला बरोबरी, दोघांचे ९.४६. जिल्ह्याला दोघेच जाणार होते. एका मुलाचे वडील पुढे आले, "सर, टॉस करा, वाद नको." मी कागद काढला. त्यावर चहा सांडला होता, पण आकडे वाचता येत होते. एकाची दुसरी चांगली फेक ९.३१, दुसऱ्याची ९.२८.

वडील रागावून गेले. पोरगं मात्र थांबलं. कागद हातात घेऊन त्या ९.२८ कडे बघत होतं. मग विचारलं, "सर, ही माझी दुसरी होती का तिसरी?" म्हटलं तिसरी. म्हणालं, "त्यात मी ढिला पडलो होतो. पहिला चांगला पडलाय म्हणून."

---

सुमनताई
२२ सप्टेंबर २०२४, रात्री ९.१०

तीन सेंटिमीटर! सर, टेप खिळ्यावरून नेली होती ना?

---

पीटीचे_सर
२२ सप्टेंबर २०२४, रात्री ९.१४

ताई, खिळा मीच ठोकलाय. आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्याच पोराला उभं केलं होतं.